आप्पांची पांढरी अंगठी

रवि., ३ फेब्रु. १९७४
शशीच्या होणाऱ्या सासूबाई येऊन गेल्या. मूळ पुण्याच्या, आता इथे म्हैसुरातच असतात. आमचं मराठी ऐकून मधूनमधून हसतात, हसू देत. साखरपुडा १७ ला ठरला.
मी डबीतून आप्पांची, माझ्या वडिलांनी घडवलेली अंगठी काढली. म्हटलं, माझ्या आईची, शशीच्या बोटात हीच असणार. बाईंनी ट्यूबखाली धरली. उलटी, सुलटी. मग म्हणाल्या, "चांदी? अहो, चांदी पायात. म्हैसूरला जोडवी हातात घालतात का?"
प्लॅटिनम आहे म्हटलं. सोन्याहून जड.
"असेल हो. दिसते चांदीच. हिरा काढून सोन्यात बसवून घ्या. आमचे चार लोक येणार, मुलीचा हात बघणार..."
आमचे हे मान हलवत होते. पाहुणे आले की यांची मान त्यांच्याच बाजूने हलते.
मी तळलेले बोंडे मात्र सगळे संपवले बाईंनी.

सोम., ४
रागात सांबारपुडीच्या मिरच्या करपवल्या. सगळं घर खोकतंय.
हे म्हणतात, "इतकी वर्षं चांदीची म्हणत होतीस, काल एकदम प्लॅटिनम कुठून आलं?"
अव्वाची, माझ्या आईची चूक. जन्मभर सगळ्यांना चांदी सांगितली. सोन्याला नजर लागते, चोर लागतो, चांदीकडे कोण बघतंय, म्हणायची. शेजारणींसमोर मुद्दाम चिंच लावून घासायची. चांदी काळी पडते, ही एक दिवस पडली नाही. एकीच्याही डोक्यात आलं नाही. मरताना मला म्हणाली, तू पण चांदीच सांग. सांगितली. आता भोगा.

मंगळ., ५
मी तिसरी शिकले, पण ही अंगठी कशी झाली ते मला पाठ आहे. लिहून ठेवते, नाहीतर माझ्याबरोबर जाईल.
आप्पा सराफाकडे जडाईचं काम करायचे. तेव्हा मोठ्या घरांतून प्लॅटिनमचे दागिने यायचे. कानस मारली की पांढरा चुरा पडायचा. मालक म्हणाले, हा काही आपल्या भट्टीत वितळत नाही, तूच ने. आप्पांनी कितीतरी वर्षं तो चुरा तपकिरीच्या डबीत साठवला. मग एक दिवस रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या ओळखीच्या वेल्डरकडून त्याच्या ज्वाळेवर वितळवून आणला. हरभऱ्याएवढा गोळा. घरी आले तेव्हा भुवया जळालेल्या. अव्वा हसून हसून...
मी सात वर्षांची. दिवा धरायचं काम माझं. हललं की डोक्यात टपली.
हिऱ्याखाली केसासारख्या करवतीने जाळी कापली, खालून उजेड यावा म्हणून. हिरा नख्यांनी नाही धरला, भोवतीची कड सगळीकडून दाबून बसवला. त्या कडेवर बारीक चाक फिरवून दाणे उठवले. खसखस मोठी म्हणावी असे दाणे. एक चुकला तर सगळी कड घासून पहिल्यापासून. तीनदा घासली. चौथ्यांदा झाली.
हिरा कुठल्या साहेबाच्या टायपिनीतला. जरा पिवळट, म्हणून कोणी घेत नव्हतं. जुन्या घाटाचा, उंच, तळाचं टोक कापलेलं. वरून सरळ बघितलं की आत मोहरीएवढी टिकली दिसते. आप्पा म्हणायचे, हा दिव्यासाठी कापलाय.
हे सगळं मोडून सोन्यात बसवायचं? साकु. पुरे झालं.

गुरु., ७
डबी रिकामी.
हे सकाळच्या बसने पिरियापट्टणला गेले, तंबाखूच्या वखारीत, दर गुरुवारचंच. जाताना चहा घेतला नाही, माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. म्हैसुरातले सोनार मला ओळखतात, म्हणून तिकडे नेली.
शशी म्हणते, "आई, तू बस तरी." कशी बसू.

शुक्र., ८
काल संध्याकाळी आले. अंगठी धोतराच्या सोग्यात बांधलेली. टेबलावर ठेवली आणि पाय धुवायला गेले. धुतच बसले.
मग सांगितलं. तिथल्या सोनाराने कड उचकटायला हत्यार लावलं, ते घसरलं. परत लावलं, हत्याराचं टोक मोडलं. मग त्याने हिऱ्यावर ओली माती लिंपून खालच्या कड्याला आच दिली. फुंकून फुंकून गाल दुखले. कडं लाल झालं, पांढरंफेक झालं, पण जागचं हललं नाही. शेवटी तो म्हणाला, "अण्णा, इदु बेळ्ळी अल्ला. ही चांदी नव्हेच. चांदी असती तर कधीच पाणी झाली असती. कोणाच्या हातचं काम आहे? मी नाही मोडणार."
मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात त्याला?
"काय म्हणणार. माझ्या सासऱ्याचं म्हटलं."
भिंग लावून बघितलं. दाणे सगळे जागेवर. कडेला एक ओरखडा. आप्पांच्या कामावर नवऱ्याच्या हातचा ओरखडा.
जेवायला वाढलं.

शनि., ९
शशीला सरळ विचारलं. मुलगा हवा का?
"हवा."
अंगठी सोन्यात हवी?
"बेडा." नको. मग म्हणाली, "आई, मला दोन्ही हवंय. विनायक पण, अंगठी पण. तू भांडून स्थळ घालवू नकोस."
सोपं सांगितलं पोरीने. भांडायचं नाही आणि वाकायचं पण नाही. हे कुठे शिकवतात? ती मास्तरीण आहे त्या शाळेत शिकवत असतील.

मंगळ., १२
विहीणबाईंना मीच बोलावलं, दिवेलागणीला. आल्या. बसल्या. मी ट्यूब बंद केली.
"दिवे गेले का हो?"
नाही गेले, मी घालवले. समई लावून अंगठी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, आता बघा.
ट्यूबखाली तो हिरा म्हणजे काचेचा तुकडा. समईपुढे आतून पेटतो. लाल, निळा, मोठमोठे तुकडे, हात हलेल तसे फिरतात. बाईंच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं. लगेच तोंड मिटलं. जाळी बघितली, दाण्यांवर नख फिरवलं. बराच वेळ परत दिली नाही.
मग म्हणाल्या, "चांगली आहे. पण साखरपुड्याला काय समई घेऊन मुलीच्या मागे उभं राहायचं?"
बोलतात छान. मला पण हसू आलं असतं, आलं नाही.
म्हटलं, सोन्यातच पाहिजे तर हिरा घेऊन जा, काढता आला तर. एकाचं हत्यार मोडलंय.
"हे असं उत्तर अपेक्षित नव्हतं हो, सुभद्राबाई."
मी भांडले नाही. आवाज चढवला नाही. शशी साक्षीला आहे.
उठताना म्हणाल्या, "यांच्याशी बोलून कळवतो."

गुरु., १४
कळवलं नाही.
हे म्हणतात, जाऊन माफी माग. कशाची? अंगठी माझी, मोडायला नेली तुम्ही. माफी मी?
मग म्हणाले, "वखारीत सगळ्यांना सांगितलं मी. माझ्या सासऱ्याची अंगठी सोनाराला हरवून आली म्हणून." जरा ऐटीत सांगत होते.
वांग्याची भाजी परत वाढली.

शनि., १६
अजून निरोप नाही. विनायक शशीला शाळेबाहेर भेटला म्हणे. "आई काही बोलत नाही, पण रोज अंगठीचं काहीतरी विचारते," असं म्हणाला. म्हणजे काय समजायचं? शशीला विचारलं तर तिला पण माहीत नाही.
ओरखडा घासून काढता येईल, आप्पांचं पॉलिशचं लाकूड अजून आहे. नाही काढणार. राहू दे. ह्यांना दिसू दे.
पेढे आणले. नाही आले तर आम्ही खाऊ.

रवि., १७
सकाळी अंगण सारवलं. रांगोळी शशीने काढली, वाकडी. अंगठी तिच्या बोटात आहे, तिने आपणहून घातली. यांनी चटया घातल्या, दारात जाऊन रस्ता बघून आले, दोनदा.
दिवसाचा उजेड नको म्हणून पुढच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. स्टुलावर चढून ट्यूब काढली, कपाटामागे ठेवली. समई घासून, तेल भरून मधोमध मांडली.
आले तर याच उजेडात बसतील.
दहा वाजले. वाती पेटवते.