गळकं भांडं

सातासमुद्रापारच्या धाकट्या भावास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज हात आखडता घेते. हे पत्र पोस्टात टाकू नकोस, अशी आईने मला शपथ घातली आहे. लिहू नकोस असं मात्र ती म्हणाली नाही.

टीव्हीवर तुझी मुलाखत पाहिली. देशोदेशीचे आजारी कारखाने विकत घेतोस, यंत्रं विकून कुलूप ठोकतोस, म्हणून खटले चाललेत. त्यावर तू हसून म्हणालास, "माझी आई सांगायची, गळकं भांडं मोडीत घालावं."

अरे शहाण्या, आईने कधी भांडं मोडीत घातलं? भोकाला डाग देऊन तिचं पातेलं अजून गॅसवर चढतं. वकील कमी पडले, म्हणून म्हातारीला पुढे केलंस? पातेल्याला डाग देणारीच्या नावालाच डाग लावलास.

जिथे तिने आयुष्यभर बाटल्या खोक्यांत भरल्या, तो काचेचा कारखानाही तूच बंद केलास. काल तिच्या जुन्या सोबतिणी दारात आल्या. "काय हो, गळकी भांडी म्हणजे आम्हीच ना?"

"ही असं कधीच बोलली नाही!" मी ओरडले.

आईने माझा हात दाबला आणि त्यांना म्हणाली, "म्हणाले असेन. माझा मुलगा खोटं कशाला बोलेल?"

अजून तरी तुझी,
ताई