तांबड्या ठिपक्याचा कंडेन्सर

अप्पा, गिटारचा तो ॲम्प्लिफायर परवा माझ्याकडे परत आला आणि तेव्हापासून मला तुमचा राग आला आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण मी शाळेत विज्ञान शिकवते. चूक कुणाची हे नक्की झाल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही, आणि ही चूक मी बावीस वर्षं माझी म्हणून धरून बसले होते.

आणून दिला तो तुमच्या गिटारवाल्या शेठनीच. तेव्हा ते जालन्याच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. बियाण्याच्या व्यापाऱ्याघरचा धाकटा मुलगा, कानांवर केस वाढवलेला. आता एमआयडीसीत स्वतःचा बियाण्याचा कारखाना सांभाळतात आणि जिना चढताना कठडा धरतात. मुलीला गिटार शिकायची आहे, म्हणून गोदामातून मशीन बाहेर काढलं. माझ्या जेवणाच्या टेबलावर ते ठेवून, दम घेत म्हणाले, "ताई, तुमच्याच हातचं हाय. मी सगळ्यांना सांगत आलो, पोरीनं बनवल्याली चीज हाय, म्हणून जरा गुणगुणती." ते कौतुकानं बोलले. मी चहा ठेवायला आत गेले आणि गॅस पेटवायला मला तीन काड्या लागल्या.

जाफराबादच्या एसटी स्टँडामागचं आपलं दुकान अजून मला वासासकट आठवतं. तापलेली राळ, पत्र्याला मारलेला रंग आणि समोरच्या हॉटेलातला भज्यांचा घाणा. बाकी सगळे ट्रान्झिस्टरच्या मशीनकडे वळले होते, तुम्ही मात्र काचेच्या व्हॉल्व्हवर अडून बसला होता. शेठ जालन्याहून जीपनं आले ते त्यासाठीच. एका लग्नात भजनी मंडळाचं आपलं मशीन त्यांनी ऐकलं होतं आणि गिटारला तसाच भरलेला आवाज हवा होता. त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीला घरी आले की दुकानात बसायची. तुम्ही म्हणालात, "हे मशीन तू बनव. माल बी तूच निवड." आईला ते पसंत नव्हतं. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

निवडायला तुम्हीच शिकवलं, हे मी नाकारत नाही. सारखे दिसणारे दोन ट्रान्सफॉर्मर तुम्ही दोन हातांत देता आणि विचारता, कोणता? मी जड तो उचलते. मग नखानं टिचकी मारून त्याच्या पट्ट्या सैल वाजतात का ते ऐकायला लावता. व्हॉल्व्ह चालू करून, पेन्सिलीच्या रबरानं त्याला हलकेच टोचायचं. स्पीकरमधून टण् असा आवाज आला की तो भजनी मंडळाला चालेल, गिटारला नाही, कारण गिटारच्या पेटीत स्पीकर शेजारीच असतो आणि सगळं हादरतं. पहिल्या वर्षाचा निकाल लागल्यावर तुम्ही मला बारीक टोकाचं पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न दिलं होतं, वहीच्या कागदात गुंडाळून. आणि चालू मशीनला हात लावताना एक हात खिशात ठेवायचा, हा नियम. मला खिसा नाही म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मंग पाठीमागं धर, परेडला उभी असल्यावाणी." शाळेच्या प्रयोगशाळेत मी आजही तशीच उभी राहते आणि मुली मागे हसतात.

तुमचा दुसरा एक नियम होता आणि त्यावरून आपलं वाजलं. नवा माल तुम्हाला चालायचा नाही. बंद पडलेल्या जुन्या रेडिओतून काढलेला भाग तपासायचा, त्यावर तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा आणि बरणीत ठेवायचा. "वीस वर्सं चालल्याला हाय, त्यो आता काय दगा देतो," असं तुम्ही म्हणायचा. ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत ते खरं होतं. पण वीज गाळून सरळ करणारा जो मोठा डब्याचा कंडेन्सर असतो, तो आतून वाळतो. वापरला तरी वाळतो, ठेवला तरी वाळतो. मी पुस्तक उघडून दाखवलं. तुम्ही पुस्तकाकडे पाहिलं नाही, मला म्हणालात, "मी पुस्तक वाचून दुकान न्हाई टाकलं." दोन दिवस आपण एकमेकांशी बोललो नाही. शेवटी मी औरंगाबादला जाऊन नवा कंडेन्सर आणला, एसटीत मांडीवर धरून, अंडं धरावं तसा. तुम्ही तो हातात घेतलात, उलटासुलटा केलात आणि म्हणालात, "बराबर हाय. लाव." मी लावला. मला वाटलं, तुम्ही ऐकलंत.

मग प्रॅक्टिकल परीक्षेसाठी मी चार दिवस जालन्याला गेले. परत आले त्या सकाळी शेठ मशीन न्यायला आलेच होते. त्यांनी गिटारची पिन खुपसली, बटण फिरवलं, आणि पहिली तार छेडायच्या आधीच पेटीतून गुणगुण सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडावी तशी. शेठ म्हणाले, "उस्ताद, ये क्या भिनभिन करून राह्यलं?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. "पोरीच्या हातचं काम हाय," तुम्ही म्हणालात, "तारा नीट न्हाई नेल्या तिनं. वाजवाय लागलं की ऐकू येत न्हाई." शेठ हसले. कोणत्या तारा, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "उघडून बघ कधीतरी." पण मशीन जीपमध्ये चढलं होतं. दुपारी भाकरी वाढताना मी सांगितलं की मी उद्यापासून दुकानात येणार नाही. मला वाटलं होतं, तुम्ही नको म्हणाल. तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "बराबर. अभ्यास कर."

त्या एका शब्दावर मी आयर्न ट्रंकेत टाकलं. माझे हात या कामाचे नाहीत, असं मी ठरवून टाकलं आणि खडू धरला. शिक्षिका म्हणून माझं वाईट झालं नाही, पण तो प्रश्न वेगळा आहे.

परवा शेठ गेल्यावर मी मशीन उलटं केलं. मागचे स्क्रू गंजलेले होते. शेठनी ते कुणाकडे उघडलेलं नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं. आत माझे सोल्डरचे डाग मुगाएवढे, चमकणारे, अगदी वहीतल्या आकृतीसारखे एका ओळीत. आणि मधोमध, मोठ्या कंडेन्सरच्या पायांवर, दोन मळकट डाग, चिंचोक्याएवढे. ते तुमचे. तुमचं साठ वॉटचं आयर्न तसंच डाखायचं. कंडेन्सर मी आणलेला नव्हता. जुना होता आणि त्याच्या डोक्यावर तांबडा ठिपका होता.

म्हणजे मी परीक्षेला असताना तुम्ही माझा नवा कंडेन्सर काढून बरणीतला लावलात. काढलात तर काढलात, दुकान तुमचं होतं. पण गुणगुण कसली ते तुमच्या कानाला कळलं नसेल, असं मला सांगू नका. वरच्या सुरातली, खरखरीत, ती कंडेन्सरची. खालच्या सुरातली, मऊ, ती तारांची, हे मला ऐकवून ऐकवून कुणी शिकवलं? तुम्हाला पहिल्या क्षणाला कळलं होतं. तरी गिऱ्हाइकासमोर तुम्ही स्वतःचा ठिपका झाकलात आणि पोरीला पुढे केलंत. एका माणसाच्या हट्टापायी वीस वर्षांच्या मुलीनं आपल्या हातांना नालायक ठरवलं आणि तुम्ही समोर बसून भाकरी खाल्लीत. पुढे सहा वर्षं जिवंत होता तुम्ही. एकदाही म्हणाला नाहीत. मी स्वयंपाकघरात उभी राहून हे सगळं मोठ्यानं बोलले, आणि शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं.

दुसऱ्या दिवशी नवा कंडेन्सर आणला. ट्रंकेतून आयर्न काढलं. तापायला वेळ लागला, पण तापलं. तुमचे दोन डाग वितळवले, माझे दोन दिले, एक हात पाठीमागे धरून बटण दाबलं. खरखर गेली. मी खुर्चीवर बसले. इतकं बरं वाटलं की तुम्हाला काय काय सुनवायचं ते मनात जुळवू लागले. आणि तेवढ्यात मला ते ऐकू आलं. खालच्या सुरात, मऊ, अगदी बारीक. एवढी वर्षं वरच्या खरखरीखाली ते दबून होतं.

व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या असतात. मी तशाच नेल्या होत्या, तीन व्हॉल्व्हपर्यंत. शेवटचा, गिटारचा आवाज पहिल्यांदा घेणारा जो सगळ्यांत नाजूक, त्याच्याजवळ त्या आखूड पडल्या होत्या. पीळ उकलला की तार थोडी लांबते. म्हणून मी तो उकलला आणि चार बोटं तारा सरळ नेल्या, शेजारीशेजारी, पट्टीनं आखल्यासारख्या. दिसायलाही छान. नवीन तार कापायचा मला कंटाळा आला होता. हे मी पुरतं विसरले होते. तुम्ही विसरला नव्हता. कंडेन्सर बदलताना तुम्ही ते पाहिलं असणार.

मी दोन्ही तारा नव्यानं कापल्या, शेवटपर्यंत पीळ दिला. मशीन गप्प झालं. इतकं की चालू आहे की नाही ते दिवा बघून ठरवावं लागलं.

तुमचं चुकलंच. चार बोटं तारेची गुणगुण आणि वाळलेल्या कंडेन्सरची खरखर सारखी नसते, हे मी कुठेही सिद्ध करून दाखवीन. पण काल संध्याकाळी शेठ आले. मशीन ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि विचारलं, काय होतं ताई? मी तुमचा तांबड्या ठिपक्याचा कंडेन्सर त्यांच्या हातावर ठेवला. "अप्पांनी जुना माल लावला होता," मी म्हणाले. त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला. मग म्हणाले, "पण उस्ताद तर तारा म्हणले होते. तारांचं काय निघालं?"

अप्पा, मी म्हणाले, "तारांना काही झालं नव्हतं."

ते मशीन घेऊन जिना उतरले, सावकाश, कठडा धरून. त्यांना हाक मारता आली असती. मी गॅलरीत उभी राहिले आणि एक हात पाठीमागे धरला होता, हे मला जीप निघून गेल्यावर लक्षात आलं.