बदलापूरच्या पंपावरचा बोर्ड

आई, सकाळपासून तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा गार करून ओतून दिला. रविवार आहे, पालेगावच्या या फ्लॅटमध्ये मी एकटी, आणि एका जागी बसवत नाही. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. मी नेमकं काय काम करते हे तुला सांगायचं राहूनच गेलं. तू होतीस तेव्हा मी नुसतं 'कम्प्युटरचं' शिकत होते. ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

यंत्र चालवणारा तळहाताएवढा बोर्ड असतो. त्यात एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम घालायची, जी ठरलेलं काम ठरलेल्या क्षणीच करते. पंप आत्ता थांबवायचा म्हणजे आत्ताच, अर्ध्या सेकंदाने नाही. त्याआधी एक फाईल भरायची. शेकडो ओळी, प्रत्येकीपुढे हो किंवा नाही. मग सगळं कंपाइल करायचं, म्हणजे बोर्डाला कळेल अशा रूपात एकत्र बांधायचं. त्यातली एक ओळ राखणदाराची. प्रोग्रॅम अडकून पडला की हा दोन सेकंद वाट बघतो आणि बोर्ड आपणहून रीस्टार्ट करतो. फार गुणाचा आहे तो. पण ऑफिसात टेबलावर चूक शोधताना आम्हीच प्रोग्रॅम मुद्दाम थांबवतो, याला वाटतं अडकला, की केलं रीस्टार्ट. डोक्याला नुसता ताप. म्हणून टेबलावर सगळेच त्याला 'नाही' करून ठेवतात. फायली दोन असतात, एक टेबलाची, एक बाहेर जाणाऱ्या मालाची. मी टेबलाची फाईल लावून बाहेरचा माल बांधला. एकही एरर आली नाही. किती बरं वाटलं होतं मला त्या दिवशी.

तुझ्या टेबलावर तरी वेगळं काय होतं? कॅम्प चारमधलं ते स्टॅबिलायझरचं वर्कशॉप. दहावीच्या सुट्टीत मी तुझ्या शेजारी बसायचे. टेस्टिंग चालू असताना वीज तोडणारा कटआउट पडू नये म्हणून तू त्याला लाल वायर लावून बायपास करायचीस, तपासून झालं की वायर काढायचीस. लाल वायरी पाच. डब्यात पाच मोजल्याशिवाय तू पायात चप्पल घालायची नाहीस. एका संध्याकाळी चारच निघाल्या. शेठ म्हणाला, "छोडो ना बाई, कल देख लेंगे." तू माझं मनगट धरलंस आणि निघालीस. त्या दिवशी माल एकाच घरी गेला होता, दोन गल्ल्या सोडून. तू दारात उभी आहेस आणि त्या घरच्या बाईंना सांगतेयस, "मुझसे गलती हुआ, वायर अंदर रह गया." मी तुझ्या पाठीमागे लपलेय, कारण झाकण मी लावलं होतं, तू पाणी प्यायला उठलीस तेव्हा. येताना मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस? तू म्हणालीस, "टेबल माझं आहे." मग घरी भाकऱ्या थापताना झापलंस ते वेगळंच. "झाकण लावायची एवढी कसली घाई होती तुला? त्या बाईच्या घराला आग लागली असती म्हणजे?"

आत्ता उठून गॅस बंद आहे ना ते बघून आले. बंदच होता.

माझा बोर्ड बदलापूरच्या एका कारखान्यात टाकी भरणाऱ्या पंपावर बसला. तीन आठवड्यांपूर्वी पंप थांबलाच नाही, टाकी भरून वाहिली, सगळी पाळी फुकट गेली. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. आम्ही बघायला गेलो तेव्हा पंपावरचा ऑपरेटर तिथेच उभा होता. वांगणीच्या पलीकडच्या वाडीतला, माझ्याहून वयाने मोठा, घरची भातशेती सांभाळून पाळी करणारा. मला म्हणाला, "मॅडम, मी निजलो नव्हतो. बटन दाबीत व्हतो, मशीन आयकतच नव्हती." त्यांचा सुपरवायझर हसला. "ये लोग ड्यूटी पे सोते हैं," असं आमच्या सरांना म्हणाला, आणि मीही हो म्हणून मान हलवली. का हलवली? माझा बोर्ड अडकेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या माणसाला त्याच दिवशी घरी बसवलं.

गेल्या मंगळवारी दुसरंच काहीतरी शोधताना मला ती ओळ दिसली. राखणदार: नाही. फाईल बदलली, पुन्हा कंपाइल केलं, बदलापूरला जाऊन नवा प्रोग्रॅम चढवला. सरांना म्हटलं, किरकोळ सुधारणा होत्या. सर म्हणाले, कुणी न सांगता गेलीस, शाब्बास. आणि मी थँक यू म्हटलं गं.

पंप आता वेळेवर थांबतो. तो माणूस मात्र अजून घरीच आहे. मी खरं सांगितलं तर तो परत कामावर येईल, आणि ऑफिसात जी मी एकटी बाई आहे तिच्याबद्दल उद्यापासून काय बोलतील ते मला पाठ आहे. मला भीती वाटते, आई. लाजही वाटते, पण भीती जास्त.

हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून इतकं सगळं लिहिता आलं. तू ओरडशील म्हणून लिहायला बसले असं स्वतःला सांगितलं होतं. खरं तर तुला ओरडता येणार नाही, म्हणूनच बसले. काल सगळं सांगायचं ठरवून सरांना फोन लावला होता. त्यांनी लगेच उचलला. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा हवी.