ओल्या चोची

सोमवार, २

आले एकदाची पोल्ट्रीवर कामाला! सामान खाली ठेवायच्या आधीच मालकीणबाईंनी (सगळे त्यांना मावशी म्हणतात) हातात पिल्लू दिलं. नव्या पिल्लाची चोच हलकेच पाण्यात बुडवायची, म्हणजे त्याला पाणी कळतं. एकेक करून सगळ्यांची. पाठ मोडली, पण मजा आली. उबेच्या दिव्याखाली पिल्लं दाटली तर त्यांना थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय, पांगून हुंदडली तर खुशाल आहेत. माणसांचंही असं नुसतं बघून कळलं असतं तर! माझी लेक गेल्यापासून घर मुकं झालं होतं. इथे कान किटतील एवढी चिवचिव आहे.

बुधवार, ११

अंडी उबवायच्या यंत्रातून नवी पिल्लं निघाली. चोची बुडवायला गेले, तर सगळ्या आधीच ओल्या. भुशात लहान मुलाच्या पावलांचे ठसे. मावशींना सांगितलं तर त्यांनी तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, हे काम त्यांची छकुली करायची. एकदा कोंबड्यांसाठी जंताच्या औषधाचं पाणी ठेवलं होतं. पोरीला तहान लागली, ती प्यायली आणि गेली. पाच वर्षांची होती.

माझीही पाचच वर्षांची होती. खरं तर भीती वाटायला हवी, पण मी पिल्लांपाशी जरा जास्तच वेळ बसले.

शुक्रवार, २०

मोठ्या कोंबड्यांचे तुरे फिके पडलेत, अंडी रोडावलीत. जंत झालेत. डॉक्टर म्हणाले, औषध टाळलंत तर कळप हातचा जाईल. उद्या सकाळी द्यायचं. आज संध्याकाळीच पाण्याची भांडी काढायची, म्हणजे तहानलेल्या कोंबड्या औषधाचं पाणी घटाघटा पितात. मी एकही भांडं सोडलं नाही. दाराबाहेर एक वाटी भरलेली दिसली. मावशींचं वय झालंय, विसरल्या असतील म्हटलं. ओतून टाकली.

शनिवार, २१

ती वाटी छकुलीची होती, हे ती रिकामी बघून मावशींनी आज सांगितलं. औषध द्यायचं असलं की मावशी ती दरवेळी बाहेर ठेवतात. बाहेरच तहान भागली की पोर आत येत नाही.

सकाळी कोंबड्या भांड्यापासून मागे सरल्या. मधे एवढीशी जागा मोकळी, आणि पाणी आपोआप कमी होत होतं. मग कोपऱ्यातून कण्हणं, दिवस मावळेपर्यंत. मावशी भुशात बसून रिकामी मांडी थोपटत राहिल्या. मला एका शब्दानं दोष दिला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांची पोर मी पुन्हा मारली.

सोमवार, ३०

कण्हणं थांबत नाही. जागोजागी वाट्या भरून ठेवते. एकीलाही ती शिवत नाही. मावशींनी अंथरूण धरलंय. पिल्लं दिवा सोडून माझ्याभोवती दाटतात, गारठल्यासारखी —

शनिवार, ५

औषधाचा दुसरा डोस. चुकवायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय. पाणी कालवलं. भांड्यापुढे मीच बसलेय. या वेळी तिला पिऊ देणार नाही. मेले तरी —

कोंबड्या मागे सरल्या.

मांडीवर वजन. माझ्या लेकीचं होतं तेवढंच. अगदी तेवढंच —

तहान नाही लागलेली तिला. एकटी आहे गं पोर.

इवली बोटं माझ्या हनुवटीखाली. हलकेच. नव्या पिल्लाला धरतात तशी. तोंड भांड्याकडे वळवतेय —

पाणी गार आहे. ओठांना —