तुमची कुंडी पालथी घातली

गुरुजी, तुमची दगडी कुंडी आज मी पालथी घातली. सकाळपासून घरात नुसत्या येरझारा चालल्या आहेत. चष्मा शोधतो, तर तो डोळ्यांवरच असतो. नात काल दवाखान्यातून घरी आली, आता ती खिचडीवर तूप कमी पडलं म्हणून भांडते आहे. तरी माझा जीव एका जागी ठरत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे सांगायला दुसरं माणूस सुचलं नाही.

अकोल्याच्या आपल्या शाळेत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. मधल्या सुटीत पेल्यात उरलेलं पाणी कोणी फेकायचं नाही, निंबाखालच्या कुंडीत चिमण्यांसाठी ओतायचं, हा तुमचा दंडक. कवितेचा तास तुम्ही तिथेच घ्यायचे. तुम्ही चालीवर म्हणता आहात, चिमण्या काठावर येऊन बसल्या आहेत, आणि मी पुस्तक सोडून त्यांच्याकडे बघतो आहे. एकदा मी त्या पाण्यानं चिखलाचे पाय धुतले आणि उरलेलं ओतून दिलं. तुम्ही हात उगारला नाही. म्हणाले, "कावून रे, आता चिमणी आली तं तिले काय सांगू? आमचे कवी पाय धुऊन राहिले होते म्हून?" वर्ग हसला, माझे कान तापले. तुम्ही निवृत्त झाले तेव्हा तीच कुंडी मला दिली. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत गाडीत मी ती मांडीवर धरून आणली. तेव्हापासून अमरावतीच्या या घरात, ओसरीच्या कोपऱ्यात, तिच्यात रोज वरून तांब्याभर पाणी घालत आलो. रिकामी मात्र कधी केली नाही.

पावसाळा सरत आला होता तेव्हा आरोग्य खात्याची एक बाई दारात आली. मी ओसरीवरच नातीला तिच्या पुस्तकातली कविता म्हणून दाखवत होतो. "आबाजी, घरात साठवलेलं पानी कुठी हाय? कूलर, ड्रम, कुंडी? हप्त्यातून एक दिवस समदं कोरडं करा, डेंग्यू हाय गावात." मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणालो, "काही नाही बाई, सारं कोरडं हाय." कुंडी माझ्या खुर्चीमागेच होती. तिनं दारावर खडूनं खूण केली आणि गेली.

काही दिवसांनी नात शाळेतून आली ती डोकं धरूनच. अंग भट्टीसारखं, डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणायची. मी म्हणालो, डास कुठून चावेल, रोज मच्छरदाणी लावतो, नाली तर साफ आहे. डॉक्टरीणबाईंनी तापाच्या दुसऱ्याच दिवशी रक्त घेतलं. त्या म्हणाल्या, "आबाजी, हा डास दिवसा चावतो, अन् याले नाली नाही लागत, स्वच्छ पाणी लागते. डेंग्यू झालेल्या माणसाले चावला की तो रोग त्याच्या अंगात जाते, मग तो दुसऱ्याले देते." सुरुवातीच्या दिवसांत विषाणूचाच अंश रक्तात सापडतो, त्याची ही एनएस-वन तपासणी, उशीर झाला तर मग शरीरानं त्याच्याशी लढायला काय तयार केलं ते तपासायचं, असं त्यांनी समजावलं. तपासणीत डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी ताप उतरला, मी देवापुढे साखर ठेवली. त्या मात्र गंभीर झाल्या. "ताप गेला म्हून फसू नका. धोका आताच असते." पोट दुखतं का, हिरड्यांतून रक्त येतं का, लघवी होते का, दर थोड्या वेळानं विचारणं. प्लेटलेट खाली जात होत्या. दोन दिवस मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो आणि एक कविता धड आठवली नाही.

त्यात मुलगा शेजाऱ्याशी भांडला. "तुमचा कूलर भरून ठेवला, अन् पोरगी आमची सलाईनवर." शेजारी माझ्याच वयाचा, सकाळचा चहा आम्ही सोबत घेतो. तो म्हणाला, "वर येऊन पाह्य ना बापा, कूलर कवाचा पुसून झाकला हाय." मुलगा गेला नाही. शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या दिवसापासून चहा बंद आहे.

आज घर जरा शांत झालं, तेव्हा कुंडीजवळ वाकलो. पाणी नितळ, आणि त्यात सुतासारख्या अळ्या वर येत होत्या, हात लावला की तळाशी जात होत्या. तो डास याच पाण्यातला, हे डॉक्टरीणबाईही सांगू शकणार नाहीत. पण नात रोज दुपारी इथंच बसायची. मी पाणी उन्हातल्या मातीवर ओतलं, आतली कड काथ्यानं घासायला घेतली, कारण अंडी काठाला चिकटून राहतात म्हणे. दोन हात मारले आणि तुम्ही दिसले. शनिवारची सकाळची शाळा सुटली आहे, धोतर खोचून तुम्ही हीच कुंडी वाळूनं घासता आहात, जुनं पाणी निंबाच्या बुडाशी घालता आहात. दर शनिवारी. मी तुमचं रागावणं आयुष्यभर जपलं आणि हे घासणं साफ विसरलो.

मुलगा सहाच्या सुमाराला बडनेऱ्याहून ड्युटी करून येईल. त्याला सांगीन, मग त्याला घेऊन शेजाऱ्याच्या फाटकाशी जाईन. हा कागद कुठं पाठवायचा? उडू नये म्हणून पालथ्या कुंडीखाली ठेवतो. फक्त एक, गुरुजी. त्या बाईला मी कुंडी दाखवली नाही ती तुमच्या आठवणीपायी, असं इतके दिवस स्वतःला सांगत आलो. तसं काही नव्हतं. दोन कडवी उरली होती, आवाज छान लागला होता, नात ऐकत होती. मले उठायचा कंटाळा आला.