डावीकडची पेटी

४ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद, आणि पत्राला उशीर केल्याबद्दल एक चिमटा.

आज पेटी पुसताना आपल्या मिशनच्या शाळेतली प्रार्थनेची खोली आठवली. पायपेटीच्या भात्याच्या पायपट्ट्यांपर्यंत माझे पाय पोचायचे नाहीत, म्हणून तू खाली बसून त्या दोन्ही हातांनी दाबायचीस आणि मी वर वाजवायची. सिस्टरांच्या बुटांचा आवाज आला की तू घाबरून थांबायचीस आणि माझा सूर मधेच मान टाकायचा. ओरडा मला मिळायचा आणि तू खाली तोंड दाबून हसायचीस.

आता ऐक. शाळेतली गाण्याच्या बाईची माझी नोकरी सुटली, तशी मी कामात बुडाले आहे. बाहुल्यांचा खेळ करणारे गृहस्थ आहेत, त्यांना हत्तीच्या प्रवेशासाठी ढोलाचा आवाज हवा होता, तो मुद्रित करून दिला. समोरच्या दातांच्या डॉक्टरांना बसायच्या खोलीत लावायला काहीतरी शांत हवं होतं, तेही दिलं. आणि तिसरं, माझं स्वतःचं. आठ गाणी. शब्द माझे, चाल माझी, पेटी माझी, आवाजही माझाच. कंपनी नाही की वादक नाहीत. कपड्यांच्या कपाटात रजया टांगून त्यात तोंड घालून गायले, आणि आवाज कमीजास्त करणं संगणकावर आपलं आपण शिकले. नाव ठेवलंय ‘मधली खोली’. महिनाअखेर बाहेर काढायचं. चिमे, जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांकडून दुसऱ्यांची गाणी बसवून घेतली. हे पहिलं माझं आहे. मला फार भीती वाटते.

गाणी तुझ्या फोनवर पाठवली आहेत. हेडफोन लावून ऐक आणि पत्रानेच कळव. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि कुणालाच काही कळत नाही. जावईबापूंना नमस्कार. माया आहेच, पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. चिमटा पोचला, साभार परत.

गाणी ऐकली. पहिल्याच गाण्याला मी खुर्चीतून उडाले. पेटी डाव्या कानात अशी कोसळली, की कुणी भांड्यांचं फडताळ ढकललं असं वाटलं. उजवीकडून तू आपली शांतपणे गातेस, आणि डावीकडे हा गोंधळ. मला वाटलं, हेडफोन बिघडला. जिथून घेतला त्या दुकानात नेला, तिथल्या बाईंनी ठीक आहे म्हणून परत दिला. मग ह्यांचा घेतला. तेच. मग हेडफोन उलटा घातला, तर गोंधळ उजवीकडे आला! हे म्हणाले, तुझी ताई आता मोठी कलावंत झाली, तिने मुद्दामच केलं असेल, आपल्याला काय कळतंय. मी म्हटलं, माझ्या ताईने मुद्दाम कधी कुणाच्या कानठळ्या बसवल्या नाहीत.

आवाज मात्र तुझा तोच आहे. चौथ्या गाण्यात ‘उन्हाची घडी घालून ठेव’ म्हणतेस, तिथे मी आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असताना रडले. गिऱ्हाइकाला वाटलं, त्याचा नंबर वाढल्याचं मला दुःख झालं.

तेव्हा खरं सांग, ते मुद्दाम आहे का? रागावलीस तरी जवळची म्हणूनच रागाव.

तुझी,
चिमी

१५ मार्च

चि. चिमीस,
आशीर्वाद, पण आज जरा कोरडे.

मुद्दाम काय करायचंय? दोन्हीकडून सारखंच आहे. मी शंभरदा ऐकलं. पेटी डावीकडे ठेवली होती, ती आधी कुठे तरी लांब, शेजाऱ्यांच्या घरात वाजल्यासारखी यायची, म्हणून वाढवत वाढवत बरोबर आणली. तुझ्याच कानात मळ साठला असेल, बघून घे.

पण सध्या सगळीकडे असलंच काही ऐकते आहे. दातांच्या डॉक्टरांची मदतनीस सांगत होती की बसायच्या खोलीत सगळी माणसं उजव्या भिंतीला दाटीवाटीने बसतात. डावीकडच्या खुर्च्या रिकाम्या, आणि एक आजोबा तर उभेच राहिले. मी डॉक्टरांना म्हटलं, त्या खुर्च्यांच्या गाद्या बदला. त्यांनी बदलल्या! तरी माणसं उजवीकडेच. बाहुलीवाले म्हणतात, हत्ती उजवीकडून येतो आणि ढोल डावीकडे बडवला जातो, पोरं भलतीकडेच बघतात. मी त्यांना सांगितलं, मग हत्ती डावीकडून आणा.

मला काही उलगडत नाही. सगळे एकदम बिघडले, की मी? हे वाक्य लिहून खोडणार होते, पण राहू दे.

तुझीच,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार, आणि आज थट्टा नाही.

तुझं पत्र काउंटरवर ठेवून मी बसले होते. एक बाई आल्या, त्यांना वाचताना डोकं दुखायचं. ह्यांनी नेहमीसारखा त्यांचा एक डोळा झाकला आणि पाटी वाचायला सांगितली. घडाघडा वाचली. मग दुसरा झाकला, तर बाई म्हणाल्या, दिवा घालवलात का? इतकी वर्षं एकाच डोळ्याने बघत होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता. असं आमच्याकडे बऱ्याचदा होतं. चांगला डोळा वाईटाचं काम गुपचूप करतो, म्हणून झाकल्याशिवाय कळत नाही.

मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. ताई, तू फोन नेहमी उजव्या कानाला लावतेस. एवढं कर. फोन डाव्या कानाला धर, उजव्या कानात बोट घाल, आणि मला लाव. मी काहीतरी बोलत राहीन. ऐकू आलं, तर मला हवं तेवढं बोलून घे.

गाणी बाहेर काढण्याआधी कर. घाबरू नकोस. मी घाबरलेय तेवढं दोघींना पुरे.

तुझी,
चिमी

३० मार्च

चि. चिमीस,
भरभरून आशीर्वाद.

त्या दिवशी फोनवर तू काय काय बोललीस, ते मला कधीच कळणार नाही. मी तुला दोनदा विचारलं, लागला का गं फोन? मग बोट काढलं, फोन इकडे घेतला, तेव्हा तुझं रडणं ऐकू आलं.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डावा हळूहळू गेला आहे, परत यायचा नाही. उजवा अजून शाबूत आहे. यंत्राने बोलणं कळेल, सूर मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे लागतात. एवढा मोठा आवाज घरातून निघून गेला आणि मला चाहूल लागली नाही, ह्याचंच राहून राहून आश्चर्य वाटतं. दोन दिवस पेटीला हात लावला नाही. गाणी पुसून टाकायची असंही एकदा मनात आलं, तुला खोटं सांगत नाही.

मग आमच्या शाळेच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण करायचे, ते गृहस्थ आले. त्यांनी दोन्ही बाजू सारख्या केल्या. मी विचारलं, आता बरोबर आहे का? ते हो म्हणाले. मला पेटी पुन्हा शेजाऱ्यांच्या घरात गेल्यासारखी वाटली. वाढवा म्हणून सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्याच गाण्याबद्दल दुसऱ्याच्या ‘हो’वर विसंबायचं, हे ह्या वयात नव्याने शिकते आहे. तू ऐकून हो म्हण. तुझा होकार आला की बाहेर काढते.

नववं गाणं सुरू केलंय. त्यात पेटी नाही, नुसता आवाज, अगदी मधोमध.

जावईबापूंना सांग, त्यांच्या दुकानाने माझी लाज राखली. मला अंतर देऊ नकोस, आणि ये लवकर.

तुझी,
ताई

ता. क. सोबत पाकिटं पाठवते, तुझ्या गावातल्यांना तूच वाट. सारखी केलेली गाणी मामांना आणि तुझ्या शेजारणीला. हत्तीचा नवा ढोल तुझ्या नातवाला, बाहुलीवाल्यांना मी इथे देईन. दातांच्या डॉक्टरांना नवं संगीत आणि उगाच बदललेल्या गाद्यांबद्दल माफीची चिठ्ठी, तेही माझं मी बघते. तांबड्या पाकिटात मी केली तशीच, न बदललेली गाणी आहेत. ती एकच प्रत आहे, ती तुला. कुणाला देऊ नकोस. ऐकताना डाव्या कानात चांगला घट्ट कापूस घाल. मग बरोबर लागतात.