पिवळ्याची हळद

रविवार संध्याकाळ, मु. वैशाखरे

डोकं फिरलंय आज. गेल्या वर्षी माळशेज घाटातल्या सायकलवाल्यांचे व्हिडिओ शोधताना मला ही परदेशातली शर्यत सापडली. रोज नवा टप्पा, आणि सगळे टप्पे मिळून ज्याचा टाइम सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. तेव्हापासून येडीच झालेय मी.

आज मोबाइलवर त्या शर्यतीचा घाटातला शेवटचा टप्पा चालू होता. आई हसत मोबाइलमध्ये डोकावली. "ह्या पिवळ्याची हळद झाली काय गो?" मीही हसले. तेवढ्यात दादानं मोबाइल हिसकावला. "आता तुला हळद लावायची. उद्या पाव्हणे येणारेत बघायला. त्यांच्यासमोर हे सायकलीचं येड नाय काढायचं."

आणि आई? उठून उद्यासाठी पोहे निवडायला बसली. आत्ता हसत होती ना? पाव्हण्यांना बोलवू का, हे मला विचारलं कोणी? शेवटचा चढ बघायचा राहिला तो राहिलाच.

आमच्याकडे हळद लागली की मुलीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. आणि तो गडी अंगभर पिवळा होऊन घाट चढत होता!